सात खुर्च्या

राधिकाच्या बारशाला, पाळण्याची दोरी हातात धरून उभे असतानाच, शालिग्रामकाकांचा आवाज चढला. आत्या म्हणून मंजिरी बाळाच्या कानाशी वाकली होती, नाव अजून ओठांतच होतं, आणि काका दारातल्या माणसाकडे पाहून ओरडले,

"एक्स्ट्रा? कोणाले एक्स्ट्रा म्हणून राहिले तुम्ही?"

बाळ दचकून रडायला लागलं. बायकांनी माना वळवल्या. मंदाकिनीकाकूंनी नवऱ्याच्या हातातून दोरी काढून घेतली.

"भांडायचंच असन त भाईर जाऊन भांडा. नातीचं नाव त ठेवू द्या."

दारातला माणूस यशोधन होता. रायपूरच्या सदर बाजारात त्याच्या घरची जुनी सराफी पेढी. मराठ्यांच्या अमलात आलेलं घराणं. शहरात कुठलीही समिती निघाली की तो तिच्यात असायचाच. या वेळी सत्कार समिती होती. नव्या रायपुरात खेळाडूंचा सत्कार ठरला होता, आणि काकांनी तयार केलेला मुलींचा रग्बी संघ त्या वर्षी देशात पहिला आला होता. हातात पेढ्यांचा पुडा आणि निमंत्रणं घेऊन तो आला होता, आणि दारातूनच म्हणाला होता, की खेळलेल्या सात जणींची नावं द्या, एक्स्ट्रा मुलींची नकोत.

बाहेर ओट्यावर येऊन त्यानं समजुतीचा सूर लावला.

"काका, उगाच तापता. रग्बी सेवन्स. नावातच सात आहे की नाही? म्हणून मंचावर सात खुर्च्या. हिशोब साधा आहे."

"टीम बारा जणींची असते."

"असेल. पण मैदानात सातच ना? बाकीच्या हॉलमध्ये मागे बसतील. नाश्त्याचं पाकीट सगळ्यांना आहे, त्यात काही भेदभाव नाही."

"नाश्ता!" काका म्हणाले. त्यांनी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातून घेतला आणि पुन्हा त्याच्याच हातात ठेवला.

आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. नाव ठेवून झालं होतं. आजोबांनी ते ऐकलंच नाही.

शालिग्रामकाका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी कारखान्याच्या कबड्डीच्या संघात ते आणि बाबाराव अशी जोडी होती. दोघांनी मिळून धरलेला माणूस सुटत नसे. पुढे रग्बी हा खेळ राज्यात आला तेव्हा काकांनी एक शिबिर पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "हे आपलंच आहे. धरायचं अन् पाडायचं. फक्त चेंडू जास्तीचा." मग त्यांनी पाऱ्यापाऱ्यातल्या, वस्तीवस्तीतल्या पोरी गोळा केल्या. रेल्वे वसाहतीमागचं मैदान मुरमाचं होतं, पडलं की कातडं सोलायचं. काकांनी शेतकऱ्यांकडून गाडीभर पैरा आणवला, भाताचं वाळलेलं तणीस, आणि पोरी त्याच्यावर पडायला शिकल्या.

पण संघ जिंकला तो पैऱ्यामुळे नाही. तो जिंकला गोदूसारख्या पोरींमुळे, आणि हे काकांशिवाय कुणाला सांगून पटणारं नव्हतं.

बाबारावांची नात गोदू पायानं जड होती. सामन्यात तिला उतरवणं म्हणजे पोरीवर अन्याय आणि संघावरही. पण तिच्या डोळ्यांत एक विलक्षण गोष्ट होती. एखादी मुलगी कशी पळते, चेंडू घेताना कुठल्या खांद्यानं वळते, दमली की कुठं हात ठेवते, हे ती एकदा पाहायची आणि दुसऱ्या सकाळी तशीच होऊन यायची. म्हणून काकांनी नियम घातला होता. बाकावरच्या पाच जणींनी समोरचा संघ व्हायचं. पुढचा सामना ज्यांच्याशी, त्यांचे सामने बघायचे आणि सरावात त्यांच्यासारखंच खेळायचं. त्यांची सगळ्यात भारी खेळाडू नेहमी गोदू व्हायची, आणि सातही जणी तिला पाडायच्या. रोज, पुन्हा पुन्हा.

अंतिम सामन्यात समोरच्या संघात एक लांब टांगांची मुलगी होती. ती उजवीकडे बघायची आणि डावीकडून निघून जायची. आजवर कुणाच्या हाती लागली नव्हती. आपली कर्णधार ऋता तिच्या नजरेकडे न पाहता सरळ डावीकडे झेपावली आणि तिला घेऊन पडली. चेंडू सुटला, तो ऋतानंच उचलला आणि रेषेपलीकडे नेऊन टेकवला. लोक म्हणाले, काय अंदाज आहे पोरीचा! अंदाज कसला? सामन्याआधी रोज तिनं त्या मुलीला पाडलंच होतं. फक्त ती मुलगी तेव्हा गोदू होती.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी काका बाबारावांकडे गेले. बाबाराव दम्यानं खाटेला लागलेले, पाठीला उशी लावून बसवलेले.

"ये बे शाल्या. नातीचे पेढे आणले का रिकाम्या हातानं आला?"

"आणले." काकांनी पुडा ठेवला.

"मंग तोंड काहून असं करून राहिला? पोट्टी झाली म्हणून?"

"तुयं तोंड आवर पहिले," काका म्हणाले आणि हसले. पण हसू टिकलं नाही.

बाबारावांची सून शेवंता चहा घेऊन आली. तिनं कप ठेवता ठेवता नेहमीचं सुनावलं,

"काकाजी, तुमच्या त्या खेळाचं मले एक सांगा. मॅच त हे पोट्टी खेळत नाही. मंग रोज अंगभर निळं होऊन कायचा मार खाऊन येते? लोकं विचारतात मले."

"बाई, तोच त खेळ आहे," बाबाराव म्हणाले. खोकला आला म्हणून थांबले. "आता मंचावर बसन ना, तवा पाहाजो. पेपरात फोटो येईन. शाल्या, कोणत्या तारखेले आहे ते? मले तिथवर नेता येत नाही, पण फोटो त पाहीन मी. तेवढं पाहू दे एकदा, मंग मी जायले मोकळा."

काकांनी चहा संपवला. तारीख सांगितली. खुर्च्यांचं सांगितलं नाही.

संध्याकाळी मैदानावर मात्र त्यांनी सगळ्यांना पैऱ्यावर बसवून सांगून टाकलं. पोरींपासून काही लपवून ठेवणं त्यांना जमत नसे.

"सातच खुर्च्या आहेत म्हणतात. आपण कोणीच नाही जायचं. बारा त बारा, नाही त शून्य."

गोदू बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. मग ऋता उठली. बारीक चणीची, हनुवटी वर करून बोलणारी, बाही सारखी खाली ओढायची सवय असलेली.

"जाएंगे, काका. सात नाम दे दो."

"काय?"

"पहला नाम मेरा लिख दो. कॅप्टन हूँ ना."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. या पोरीला त्यांनी पडायला शिकवलं होतं, पडल्यावर उठायला शिकवलं होतं. हिला खुर्ची दिसली आणि गोदू दिसेनाशी झाली?

"जिच्या जीवावर कप उचलला तिच्यासमोर बोलून राहिली तू हे?"

"हव," ऋता म्हणाली. "उसी के सामने बोल रही हूँ."

काकांनी शिट्टी गळ्यातून काढली, पैऱ्यावर टाकली आणि चालू लागले. त्या रात्री काकूंनी दोनदा विचारलं तरी ते जेवले नाहीत. सकाळी रागातच सात नावं निरोपानं कळवली आणि सत्काराच्या दिवसापर्यंत मैदानाकडे फिरकले नाहीत.

नव्या रायपुरात बसनं त्यांना एका चौकात सोडलं आणि ती निघून गेली. राज्य होऊन बरीच वर्षं झाली होती, पण या राजधानीतल्या रस्त्यांना अजून माणसं मिळाली नव्हती. रुंद, गुळगुळीत, रिकामा रस्ता. त्याच्या कडेनं बारा पोरी एकसारख्या जर्सीत चालत होत्या. काका मुद्दाम मागे राहिले. पोरी काही कुजबुजत होत्या, मध्येच हसत होत्या. गोदूही हसत होती. त्याचाच काकांना जास्त राग आला. अपमानाचीही सवय लावून टाकली वाटतं पोरीला, असं त्यांना वाटलं.

सभागृहात ते कडेच्या खुर्चीवर बसले. प्रशिक्षकाला मंचावर जागा नव्हतीच. आधी पाहुण्यांचे हार झाले, मग हार घालणाऱ्यांचे हार झाले. मग यशोधन बोलायला उभा राहिला. संघ यशस्वी का होतो, यावर त्यानं बरंच सांगितलं. शास्त्रशुद्ध आहार. शिस्त. आधुनिक सुविधा. वरिष्ठांचं मार्गदर्शन.

पैरा, काका मनात म्हणाले. मुठी त्यांनी मांड्यांखाली दाबून धरल्या.

"आणि या संघाचा प्रत्येक क्षण मी स्वतः अनुभवला आहे," यशोधन म्हणाला. "आता मंचावर येत आहे कर्णधार ऋता!"

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतून जर्सी उठली. हनुवटी वर, बाही खाली ओढत, भराभर लहान पावलं टाकत पायऱ्या चढली. ऋताचीच चाल. काकांनी मान फिरवली. त्यांना बघायचं नव्हतं. मग काहीतरी खटकलं म्हणून पुन्हा पाहिलं. मुलगी मंचाच्या मध्ये जाऊन लोकांकडे वळली.

गोदू होती.

काका अर्धे उठले आणि तसेच थांबले. यशोधननं तिच्या गळ्यात हार घातला. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"ऋता बेटा, फायनलमधला तो शेवटचा ट्राय! रेषेपलीकडे चेंडू टेकवलास तो क्षण! मी पाहिला आहे. तुझा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही."

"थँक्यू सर," गोदू म्हणाली. ऋताच्या आवाजात.

पुढची नावं पुकारली गेली. एकेका नावाला बाकावरची एकेक पोरगी उठून गेली, कुणाची मान तिरकी, कुणी खांदा झटकत. आपापली माणसं त्यांनी नीट उचलली होती. पाच खुर्च्या अशा भरल्या. उरलेल्या दोनच खुर्च्यांवर नावाच्या खऱ्या मालकिणी बसल्या. मंचावरच्या एकालाही फरक कळला नाही. वर्षभर या पोरींबद्दल ज्यांनी अभिमान मिरवला, त्यांच्यापैकी कुणी एकीचाही चेहरा कधी पाहिला नव्हता.

काका खुर्चीत बसले. त्यांचा उजवा हात वर गेला आणि मांडीवर पडला, कबड्डीत चढाईला निघालेला गडी मांडी थोपटतो तशी खणखणीत थाप. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी वळून पाहिलं. काकांनी पुन्हा एक मारली.

मागच्या रांगेत ऋता नाश्त्याचं पाकीट फोडून समोसा खात होती. काका तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मले काहून नाही सांगितलं?"

"आप के पेट में बात टिकती कहाँ है," ऋता म्हणाली. बोटं पुसली. "साल भर वो दूसरी टीमवाली बनी, काका. एक दिन ऋता बन गई तो क्या हुआ?"

तिनं अर्धा समोसा पुढे केला. काकांनी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. काका वर्तमानपत्र घेऊन बाबारावांकडे गेले. शेवंतानं खाटेशी उभं राहून पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. हार घातलेली गोदू मधोमध होती. खाली छापलं होतं, कर्णधार ऋता.

"नाव चुकलं बे," बाबाराव म्हणाले.

काकांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज पुन्हा चढला. "आत्ता जातो पेपरच्या हापिसात. त्या यशोधनलेही घेऊन जातो कॉलर धरून. खऱ्या नावानं छापा म्हणतो."

"बस खाली," बाबाराव म्हणाले. "गेला की ते विचारतीन, मंग ऋता कुठं होती? पोट्ट्या सापडतीन."

त्यांनी शेवंताकडून दाढीचं पातं मागून घेतलं. काकांनी कागद दोन्ही बाजूंनी ताणून धरला, आणि बाबारावांनी खालची ओळ कापून काढली. फोटो त्यांनी उशीशी ठेवला. कापलेली पट्टी काकांच्या हातात दिली.

"हे ऋताले दे. तिचं आहे."

बाबाराव त्याच वर्षी गेले. पौष पौर्णिमेच्या सकाळी, पोरं छेरछेरा अशी हाक देत सुगीचं धान मागायला दारोदार फिरत होती तेव्हा. काकांची नात राधिका नुकती मान धरायला लागली होती.