विहीणबाईंचं तळं

"व्याहीबुवा, कापड छान ताठ उभं केलंत हो," विहीणबाई उताराकडे बघत म्हणाल्या, "पण मातीचा ढीग माझ्या बाजूला कसा?"

मुकादमांनी मान वळवली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर लेक-जावयाच्या नव्या घराचं काम त्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. तिथलं गढूळ पाणी खाली येऊ नये म्हणून त्यांनीच उतारावर जाड कापडाचा आडोसा रोवला होता. सकाळी पायाची माती काढताना यंत्रवाल्याला "टाक तिकडे" म्हणून हात केला, आणि त्याने ती टाकली नेमकी आडोशाच्या खालच्या अंगाला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाची चूक आता लेकीच्या सासूच्या डोक्यावर ढीग होऊन बसली होती.

खाली विहीणबाईंचं तळं होतं. त्यांच्या यजमानांनी दोन उन्हाळे खपून ते हाताने खणलं होतं. ते गेले, तळं राहिलं. पाणी इतकं नितळ की तळाशी पहुडलेला मासाही दिसावा. चिखल शिरला तर मासे गुदमरणार होते, आणि या बाईला तोंड कसं दाखवायचं हे मुकादमांना सुचणार नव्हतं.

आभाळ तर भरून आलेलं. पाऊस येणार म्हणून यंत्रवाला आणि कामगार घरी गेलेले. मुकादमांनी घमेलं उचललं.

"आत्ता उपसतो सगळी."

"एवढी? एकट्याने? पाऊस थांबणार आहे होय तुमच्यासाठी?" विहीणबाईंनी बाह्या वर सारल्या. "माती कशाला हलवता? कापडच खाली आणा की."

मुकादमांनी घमेलं खाली ठेवलं. मग स्वतःचंच हसू आलं त्यांना.

हाका ऐकून लेक आली, जावई कुदळ घेऊन आला. ढिगाच्या खाली चर खणला, खुंट उपटून पुन्हा ठोकले, पाणी खालून निसटू नये म्हणून कापडाची कड चरात पुरली. जावयाने ठोकलेला प्रत्येक खुंट वाकडा.

"माझा मुलगा आहे, सांभाळून घ्या," विहीणबाई म्हणाल्या.

"माझा जावई आहे, बोलतो कुठे मी?"

लेक हसता हसता चिखलात बसली. शेवटची कड दाबताहेत तोच सर आली. वरून तांबडं पाणी लोटत आलं, कापडाला धडकलं, फुगलं आणि तिथेच थांबलं. खाली नुसतं गाळलेलं पाणी झिरपत होतं. चौघं भिजत बघत राहिली. तळ्यावर थेंब नाचत होते आणि त्यांच्या खाली एक मासा निवांत वळत होता. मुकादमांना इतका आनंद घर बांधून पुरं झाल्यावरही कधी झाला नव्हता.

त्याच भरात ते हात धुवायला काठाशी वाकले, आणि चिखलाने माखलेले हात एकदम मागे घेतले.

"नळ कुठे आहे?"

"इथेच धुवा हो," विहीणबाई म्हणाल्या. "हेसुद्धा काम करून आले की इथेच धुवायचे."

मुकादमांनी बोटांची टोकं तेवढी हलकेच पाण्यात बुडवली.