कौतिकबाई हजर

आमच्या गावात पितृपक्षात मेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी जेवायला बसवतात. आईच्या जागी यंदा कोकिळामावशी बसली. आईचीच जांभळी साडी तिला नेसवली, खीर-भज्यांचं ताट वाढलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आई, पोट भरलं का?" मावशी म्हणाली, "भरलं, प्रतिभा." मी पोटभर रडून घेतलं. त्या जागेवर बसलेल्या माणसानं खोटं बोलायचं नसतं, असं आम्ही मानतो.

आई एका अंगानं लुळी होती. अपंगांच्या पेन्शनसाठी माझ्या खांद्यावर भार टाकून पंचायतीत खेटे घालायची. सचिव भूपेंद्र दर वेळी गोड हसून म्हणायचा, "हो जाएगा, काकू." असल्या गोड माणसांची मला शिसारी येते. आई वाट बघत बघतच गेली.

दसऱ्यानंतर भोपाळहून विधानसभेची समिती बऱ्हाणपूरला आली आणि आमच्या गावातही येऊन गेली. पेन्शन खरोखर पोचते का, हे आमदार स्वतः लोकांना विचारणार होते. मी अंगणवाडीची मदतनीस, म्हणून चहाचं काम माझ्या गळ्यात. ट्रे घेऊन पंचायतीत शिरले, तर पुढच्या खुर्चीत पाठमोरी जांभळी साडी, एका बाजूला कललेले खांदे.

"कौतिकबाई!" कुणीतरी पेन्शन मिळणाऱ्यांच्या यादीतलं आईचं नाव पुकारलं.

"हजर," जांभळी साडी म्हणाली.

ती कोकिळामावशी होती. भूपेंद्रनं माझ्यावर डोळे वटारले, तेव्हा सगळा उजेड पडला. आईची पेन्शन मंजूर झाली होती, पण ती गेल्यावर. पैसे हा खात होता, आणि समितीला दाखवायला आता त्याला जिवंत कौतिकबाई हवी होती. मावशीची कंबर केळीच्या बागेत मोडलेली, तिचा स्वतःचा अर्ज याच्याच टेबलावर पडलेला. त्यांच्यात काय ठरलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

समितीतल्या बाईंनी मायेनं विचारलं, "अम्माजी, पेन्शन मिल रही है ना?"

मावशीनं तोंड उघडलं आणि तिला मी दिसले. ती बघतच राहिली. मला वाटलं, आईच बघतेय.

"जित्ती होती तवर नाही भेटली, मॅडम," ती सावकाश म्हणाली. "मरून गेली, मंग चालू झाली."

भूपेंद्र घाईघाईनं म्हणाला, "बुढ़िया का दिमाग..." बाईंनी त्याला हातानंच गप्प केलं आणि कागद मागवले.

मी मावशीला धरून पायऱ्या उतरवल्या. "आता तुझ्या अर्जाचं काय गं?"

"नवा सचिव येईन, नवे कागद मांगन. माझी बी मेल्यावरच चालू होईन." ती हसली, आणि माझ्या खांद्यावर आईसारखाच भार टाकून म्हणाली, "तवा साहेबलोकांपुढे माझ्या जागी तू बसशील ना, पोरी?"