अर्धी लाल, अर्धी पांढरी

दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना माणसांनी गच्च भरला होता. खालच्या लाँड्रीतल्या बायका इस्त्र्या बंद करून आल्या होत्या, शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपेसकट आला होता. सगळ्यांना एकच बघायचं होतं: चार दिवसांची मुलगी, मधोमध दोन रंगांची झालेली. उजवं अंग लालबुंद, डावं पांढरंफटक, आणि मध्ये पट्टीनं आखल्यासारखी रेघ.

खाटेशी जाणते उभे होते. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यातलं सगळं कळतं म्हणून जाणते. सकाळी हा रंग पहिल्यांदा दिसला तेव्हा बाळाच्या आजीनं, सासूबाईंनी, घाबरून जाणत्यांना बोलावलं. दहा मिनिटांत तो रंग गेला. जाता जाता जाणत्यांनी बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत अंगावर पाजायचं नाही." आता दुपारी रंग परत आला होता, आणि जाणतेही.

"आत दोघी आहेत," ते लोकांना सांगत होते. "एक तुमची, एक आगंतुकीण. दूध सगळं तीच पिते. उपाशी ठेवा, आपोआप निघेल." मग रांगेत घुसलेल्या बाईला हटकावं तशा सुरात ते म्हणाले, "बाई, ही जागा तुमची नाही. सरका तिकडं." त्यांचा एक हात छताकडे गेला. जिन्यापर्यंतच्या माना वर झाल्या. थोड्या वेळानं माना खाली आल्या, तेव्हा डावी बाजू लाल झाली होती आणि उजवी पांढरी.



धाकटी सून, म्हणजे बाळाची आई, भिंतीला टेकून उभी होती. तीन-चार वेळचं पाजणं चुकलं होतं. दुधानं तिचा पदर भिजला होता आणि मुलगी सकाळसारखी रडतही नव्हती, नुसती पडून होती. धाकटीला छताकडे बघायचं सुचलंच नव्हतं. तिची नजर बाळावर होती, म्हणून जाणत्यांचा दुसरा हात तिला दिसला. त्या हातानं त्यांनी मुलीला उजव्या कुशीवरून अलगद डाव्या कुशीवर केलं होतं. सकाळीही त्यांनी तिला असंच हळूच उताणं केलं होतं, आणि रंग गेला होता. पण बोलायचं कसं? आपलंच चुकलं आणि मुलीला काही झालं तर?

तेवढ्यात वजनकाटा घेऊन दवाखान्यातल्या सिस्टर गर्दीतून वर आल्या. बाळाची घरी तपासणी करायचा त्यांचा दिवस होता. त्यांनी छाती ऐकली, ओठ आणि जीभ पाहिली, तळवे चाचपले.

"शेवटचं कधी प्यायली?"

"पहाटे," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "सिस्टर, जी बाजू खाली असते ना, तीच लाल होते. मी पाहिलंय."

सिस्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग तुम्हीच वळवा तिला. उजव्या कुशीवर."

"हात लावलात तर पोर हातची जाईल," जाणते म्हणाले.

धाकटीनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.  मग तिनंच मुलीला वळवलं. मंत्र नाही, छत नाही. तिला वाटलं, आपण संपवलं सगळं. मग उजवा गाल हळूहळू लाल होऊ लागला, खांदा, पाय. डावी बाजू पांढरी पडली. सिस्टरांनी मुलीला उताणं केलं, तेव्हा थोड्या वेळात रेघच पुसून गेली.

"आता तुम्ही," सिस्टर जाणत्यांना म्हणाल्या. "हात पाठीमागे बांधून रंग फिरवा."

जाणते म्हणाले, आज शक्ती फार खर्ची पडली. शिंप्यानं त्यांना जिन्यावर वाट करून दिली.

सिस्टर मोठ्यानं बोलल्या, मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून. "पोटात हिला चहूबाजूंनी पाण्याचा आधार होता. ऊब आईच्या अंगाची होती, प्राणवायू आणि साखर नाळेतून मिळत होती. बाहेर आल्यावर पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसं उघडली, रक्ताच्या जुन्या वाटा बंद व्हायला लागल्या. रक्तवाहिन्यांनी कधी आवळायचं, कधी सैल व्हायचं, हे मेंदू अजून शिकतोय. तोवर काही बाळांचं रक्त खालच्या बाजूला उतरतं. दिसतं भयंकर, पण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातं. तरी डॉक्टरांना दाखवू, आजच. खरी भीती उपासाची आहे. नाळ तुटल्यावर हिला साखर फक्त दुधातून. आणखी एक दिवस उपाशी ठेवली असती, तर वजन करायला ही उरली नसती."

 धाकटीनं मुलीला छातीशी घेतलं. पण लेकराला तोंड उघडायचंही त्राण नव्हतं. सिस्टरांनी दूध थेंब थेंब ओठांवर पिळलं. बराच वेळ काही झालं नाही. मग मुलीनं चोखलं. एकदा, थांबून पुन्हा एकदा.

सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मी घाबरले गं."

"मीपण घाबरले होते, आई," धाकटी म्हणाली.

घाबरण्यात लाज नाही. पण घाबरलेल्या माणसानं वर उचललेल्या हाताकडे बघू नये. बाळाला लागलेल्या हाताकडे बघावं, ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं, आणि कुणी कितीही जाणता असला तरी त्याच्या सांगण्यावरून लेकराच्या तोंडचं दूध तोडू नये.