रेघ आडवी झाली की

"रेघ म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे!" हे वाक्य बाईंनी सातवीच्या पोरांपुढे इतक्या वेळा म्हटलं होतं की फळ्यालाही पाठ झालं असावं. आणि आता घरचाच विद्यार्थी चष्मा कपाळावर चढवून विचारत होता, "अगं, कालव्याकाठचा रस्ता सपाट. मग हा एवढा चढ आला कुठून?"

"चढ नाही हो तो! रेघ जितकी उभी, तितका वेग जास्त. आडवी झाली की समजायचं, वेळ चाललाय आणि माणूस जागच्या जागी उभा."

विद्यार्थी म्हणजे बाईंचा नवरा, बसचा ड्रायव्हर. हृदयाच्या ऑपरेशननंतर घरात बसून जीव नुसता आंबून गेला होता बिचाऱ्याचा. लेकीनं दोघांना मनगटी घड्याळं घेऊन दिली होती. रोजच्या फेरीत किती वेळात किती अंतर कापलं, त्याचा आलेख फोनवर उमटायचा. डॉक्टरांची अट साधी होती: पाण्याच्या टाकीपर्यंत न थांबता चाला, मग खुशाल बस चालवा. पण मेल्या रेघेत रोज दोन-तीन आडवे तुकडे!

"दम लागतोय यांना," तपासणीच्या वेळी आलेख बघून डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळीही असंच दिसलं, तर गाडी सोडावी लागेल."

घरी येताना बाईंना आठवलं, फेरीत थांबला की हा माणूस 'बुटात खडा गेला' म्हणायचा. म्हणजे दम लपवायची ही थाप होती तर! त्यांनी चौकटीचा कागद काढला आणि आधी नवऱ्याची, मग आपली रेघ त्यावर उतरवली. आपली रेघ कशी, गुडघ्यासारखीच कुरकुरत वर जाणारी. नवऱ्याची झपझप पुढे जायची, आडवी व्हायची, आणि बाईंची रेघ तिला येऊन टेकली की पुन्हा उठायची. प्रत्येक वेळी तसंच. बाई कागदाकडे बघतच राहिल्या.

"खडाबिडा काही नव्हता ना?"

"तुझा गुडघा दुखतो. तू मेलीस तरी थांबा म्हणणार नाहीस."

"मग डॉक्टरांपुढे तोंड शिवलं होतं का?"

"बायकोसाठी थांबतो म्हणालो असतो, तर त्यांना सबबच वाटली असती."

बाईंना रडूही आलं आणि रागही. लग्नापासून हा माणूस चार पावलं पुढे. याच्या पाठीकडे बघण्यात जन्म गेला म्हणून त्यांनी किती टोमणे मारले होते! "उद्या मागे वळून पाहिलंत तर याद राखा," त्यांनी दम भरला.

दुसऱ्या दिवशी ती पाठ लहान लहान होत वळणापलीकडे गेली. बाईंना बरंही वाटलं, एकटंही वाटलं. गुडघा दाबत, थांबत त्या टाकीशी पोहोचल्या, तेव्हा ड्रायव्हरसाहेब भिंतीला टेकून वाटेकडे डोळे लावून उभे होते.

डॉक्टर आलेख बघून खूश झाले. "वा! टाकीपर्यंत कुठंच थांबला नाहीत. चालवा बस. पण शेवटी ही लांबलचक आडवी रेघ कसली? घड्याळ बंद करायला विसरलात का?"

ड्रायव्हरसाहेब बुटांकडे बघू लागले.

"विसरले नाहीत," बाई म्हणाल्या आणि आपला फोन शेजारी ठेवला. "माझी रेघ येऊन मिळेपर्यंत त्यांची फेरी संपत नाही."