बारा मशिनींचं तेल

अर्धी बाटली जवसाचं तेल जाणार आणि त्याच्या बदल्यात मालकांच्या मेहुणीची सगळ्या बायकांसमोर खाली गेलेली मान बघायला मिळणार. सौदा काही वाईट नव्हता. वर खिडकीजवळची देखरेखीची खुर्ची हाती लागली, तर ती वरकड कमाई.

खुर्ची खरं तर तेलवालीचीच होती. शिवणखान्यात सगळ्या जणी तिला याच नावाने हाक मारत. अकरा वर्षं दर शनिवारी काम सुटलं की बाकीच्या घरी पळायच्या आणि ही बाराही मशिनींवर वाकायची. शटल काढून आतला सुतांचा गुंता ब्रशने साफ करायचा, प्रत्येक भोकात दोनच थेंब सोडायचे, हातचाक वीसदा फिरवायचं, सुईखाली चिंधी ठेवायची, म्हणजे सोमवारी पहिल्या कापडावर डाग पडत नाही. जुन्या देखरेखीच्या बाई काम सोडताना म्हणाल्या होत्या, "आता इथे तूच बस." मालकांनी मान डोलावली होती. मालकांची मान काय, डोलायचीच. घरून मेहुणीचं नाव निघालं तेव्हा ती तिकडेही डोलली.

मेहुणीला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण बोलता फार येत होतं.

"दोन थेंब तेल घालायला एवढा वेळ? मशिनींची पूजा करतेस का गं? दे ती कुपी. यापुढे मी घालत जाईन."

"घाला की ताई," तेलवाली म्हणाली. "भरून आणते तुमच्यासाठी."

तेलातलं तिला कळायचं. खोबरेल थंडीत गोठतं, शेंगदाण्याचं चिकटतं आणि जवसाचं वाळतं. तिचा भाऊ दारं-खिडक्या रंगवायचा, म्हणून घरच्या फडताळात जवसाच्या तेलाची बाटली असायची. लाकडावर फासलं की ते हळूहळू सुकून टणक बसतं. लाकडाचं त्यात भलं होतं. लोखंडाचं होत नाही.

आईला आधी सांगावं, असं एकदा तिच्या मनात आलं. कोपऱ्यातल्या मशीनवर तिची आईच बसायची. काजं करावीत तर तिनेच. पण आईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. राहिलं.

"हात जरा सैल सोडा ताई," कुपी देताना तेलवालीने सल्लाही दिला. "तेलाला कंजुषी बरी नव्हे."

मेहुणीने सढळ हाताने ओतलं. पहिल्या सोमवारी मशिनी अशा पळाल्या की मालक मुद्दाम आत आले. "बघ तेलवाली, कालच्या बाईने तुझ्यावर ताण केली!"

तेलवालीने कानात तेल घातल्यासारखं करून शिवण चालू ठेवली. मालकांचं हे वाक्यही तिने जपून ठेवलं. वसुलीला उपयोगी पडणार होतं.

तिसऱ्या सोमवारी वसुली आली. इस्पितळाच्या चादरी आणि डॉक्टरांचे कोट गुरुवारी द्यायचे होते. दहाला पहिली मशीन जड झाली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ अडल्या.

"ताई, चाक हलेना!"

"ताई, आधी इकडे या!"

"ताई, तेलाने भागेना, आता नारळ फोडा!"

मेहुणी कुपी घेऊन या मशीनकडून त्या मशीनकडे धावत होती आणि घाबरून आणखी तेच ओतत होती. तेलवाली हाताची घडी घालून बसली होती. अकरा वर्षांत इतकं आरामात ती कधी बसली नव्हती.

अडलेल्या मशीनपुढे हात जोडून बसणं मात्र तिच्या आईला ठाऊकच नव्हतं. तिने कोटाचं काज सुईखाली धरलं आणि दोन्ही पायांचा भार पायडलवर टाकला. चाक अडलं, अडलं आणि एकदम सुटलं. सुई बोटातून नखापार गेली.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्तीवाला आला. त्याने आतला पिवळा थर खरवडला, नाकाशी नेला आणि हसला. "हे जवसाचं तेल. मशिनी रंगवायला काढल्या होत्या का?"

मालक मेहुणीकडे वळले.

"भाऊजी, कुपीत होतं तेच घातलं हो मी!"

"कुपी कोणाच्या ताब्यात होती? हौसेने मागून घेतलीस ना?"

मेहुणीची मान खाली गेली. सगळ्या बायकांसमोर, ठरल्याप्रमाणे. तेलवालीने ते डोळे भरून बघायला घेतलं, तोच दाराशी पट्टी बांधून बसलेल्या आईने हळूच विचारलं, "फडताळातली बाटली किती उरली गं?"

"अर्धी," तेलवाली म्हणाली.

आईने मालकांना काही सांगितलं नाही. तोंडात तीळ न भिजणारी बाई, पण एवढं मात्र तिने गिळलं.

चादरी चार दिवस उशिरा गेल्या. इस्पितळाने कुरकुर केली आणि ठेवून घेतल्या. मालकांनी मेहुणीला पुढच्या दुकानात गल्ल्यावर बसवलं. तिथे पंखा आहे आणि मानही पुन्हा वर आली आहे. तेलवालीला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. रोज सकाळी आई तिच्यासमोर येऊन उभी राहते. "बाई, आज काय देता?" असं परक्यासारखं विचारते आणि चादरींच्या घड्या घालायला बसते. काजं आता दुसरीच कोणी करते, कारण आईचं बोट वाकत नाही.

सौद्यात ठरलं होतं ते सगळं तेलवालीला मिळालं. त्याचं मोल आईने चुकतं केलं.