‘आलो’चं बटण

त्याने बटण दाबलं. पडद्यावर बर्फात पडलेल्या लढवय्याला लांबून उत्तर मिळालं, “आलो.”

आवाज त्याचाच होता. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा “आलो.” खर्जातला, शांत, कसलीही घाई नसलेला. त्याने कंट्रोलर टेबलावर पालथा ठेवला आणि हात पँटला पुसले.

आवाज तात्पुरता होता. खरा नट येऊन रेकॉर्डिंग करून जाईपर्यंत ऑफिसातल्याच कुणाचा तरी आवाज लावून ठेवायची पद्धत होती. काकांचा घ्या, त्यांचा आवाज ऐकला की उसने पैसे मागायचीसुद्धा हिंमत होत नाही, असं कॅप्टन म्हणाला आणि सगळे हसले. त्यालाही हसावं लागलं. ऑफिसात सगळ्यांत वयस्कर तोच, म्हणून तो सगळ्यांचा काका. कॅप्टन त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान, पण ते बनवत असलेल्या व्हिडिओ गेमची सगळी जबाबदारी त्याच्या डोक्यावर.

पहिला भाग एकट्याने खेळायचा होता. गोठलेला डोंगर, त्यावर चढणारा एक लढवय्या, आणि वाटेत दबा धरून बसलेले शत्रू. तो खूप चालला. तरी एक तक्रार सगळीकडून येत राहिली, की डोंगरावर फार एकटं वाटतं. म्हणून येऊ घातलेल्या दुसऱ्या भागात आपापल्या घरी बसलेले चार जण मिळून चढू शकणार होते. कमरेला एकच दोर, शेकोटी एकच, औषधं वाटून घ्यायची. आणि एखादा पडलाच तर बाकीच्यांनी त्याला उचलायचं. नियम बसवणं हे काकाचं काम. कुणी किती उंच उडी मारायची, कुठला घाव किती लागायचा, हे तो ठरवत आला होता. पडलेल्याला उचलायचे नियमही त्याच्याकडेच आले.

नियम साधे होते. पडलेला माणूस हाक मारू शकत होता. सरपटत, हळूहळू का होईना, औषधाच्या पिशवीपर्यंत जाऊ शकत होता. किंवा मशाल पेटवून बाकीच्या सगळ्यांना बोलावू शकत होता. पण पहिल्या चाचणीत खेळणाऱ्यांनी कुरकुर केली, की आम्ही हाका मारतो, पण कुणाला ऐकू तरी जातं का, तेच कळत नाही. म्हणून कॅप्टनने उत्तर द्यायचं बटण घालायला लावलं. काकाने विरोध केला होता. का, ते विचारल्यावर मात्र, उगीच गर्दी होते बटणांची, एवढंच तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी सगळे बसले तेव्हा खडूसने दुसऱ्या चाचणीचे निकाल सांगितले. खडूस म्हणजे खेळातल्या चुका शोधणारी मुलगी. कुणी कितीही मन लावून काही बनवलं तरी ही त्यात खोट काढायची, म्हणून पोरांनी नाव पाडलं होतं. तिने ते मनाला लावून न घेता आपल्या कॉफीच्या मगवर रंगवून घेतलं होतं.

“उत्तर आलं नाही, तर लोक धडपड करतात,” ती म्हणाली. “सरपटतात, मशाल पेटवतात. निम्मे वाचतात. ‘आलो’ ऐकलं की काहीच करत नाहीत. पडून राहतात.”

“मग चांगलंच आहे की,” कॅप्टन म्हणाला. “भरवसा टाकतात एकमेकांवर. हेच तर हवंय आपल्याला.”

“आणि येणारा येतच नाही. त्याचं तिकडे काहीतरी चाललेलं असतं. तो उत्तर देतो, आणि त्याला वाटतं आपलं काम झालं.”

मेलेल्यांना विचारलंस का, असं कॅप्टनने विचारलं. खडूसने विचारलं होतं. राग आला का, असा थेट प्रश्न केला होता. बऱ्याच जणांना राग आला नव्हता. एक जण तर म्हणाला होता, मेलो ते मेलो, पण ऐकून बरं वाटलं. कॅप्टनने टेबलावर थाप मारली. हे वाक्य जाहिरातीत घाला, म्हणाला.

खडूस हसली नाही. तिने काकाकडे पाहिलं.

“काका, नियम तुमचे. ठेवायचं की काढायचं?”

त्याने गळ्यातला हेडफोन उचलून दोन्ही कानांवर चढवला, मग ते बरं दिसणार नाही असं वाटून पुन्हा खाली केला.

“सोमवारी सांगतो,” तो म्हणाला.

दोन्ही कानांवर हेडफोन ही त्याची अलीकडची सवय. आधी तो डावा कान कायम उघडा ठेवायचा. ही शिस्त बायकोने लावली होती. मुलगी पाळण्यात होती तेव्हा तिने बजावलं होतं, एक कान तुमच्या राक्षसांना द्या, एक घराला राहू द्या. मुलगी मोठी झाली, शिकून दुसऱ्या गावी नोकरीला गेली, तरी डावा कान घराकडेच राहिला.

म्हणजे काही महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारीही तो उघडाच होता.

तो घरून काम करत होता. ह्याच दुसऱ्या भागाचा पहिला कच्चा नमुना त्या दिवशी पैसे लावणाऱ्या मंडळींना दाखवायचा होता. चौघं पडद्यावर, हा त्यांना दोर कसा बांधायचा ते समजावून सांगतोय, आणि स्वयंपाकघरातून हाक आली, “अहो, जरा येता का?” किंकाळी नव्हती, घाबरा सूर नव्हता. डब्याचं झाकण निघत नसलं की ती मारायची तसलीच हाक. त्याने माइक क्षणभर बंद केला आणि म्हणाला, “आलो.”

पुढे दोर झाला, शेकोटी झाली, मंडळींचे प्रश्न झाले. पुन्हा हाक आली नाही. झाकण निघालं असेल, असं त्याला वाटलं. एरवी ती त्याच्या ‘आलो’ची चेष्टा करायची. तुमचं ‘आलो’ रबराचं आहे, ताणाल तितकं ताणतं, म्हणायची. तो आत गेला तेव्हा ती कपाटाला टेकून जमिनीवर बसली होती. पाय लांब केलेले, मान थोडी दाराकडे वळलेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता, थोडा वेळ शुद्ध राहिली असणार, जरा आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.

हेडफोनची गोष्ट त्याने रचली नव्हती. ती लेकीने रचली. सांत्वनाला आलेल्या त्याच्या मेहुणीने सरळ विचारलं, घरात असून कळलं कसं नाही हो तुम्हाला? तो काही बोलायच्या आत लेक मध्ये पडली. बाबांच्या कानाला हेडफोन होता, मावशी, त्यांना कसं ऐकू जाणार? मेहुणीने डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग जो येईल त्याला लेक तेच सांगत गेली, आणि तो खाली मान घालून ऐकत गेला. पुढे तिने नोकरी सोडली, इथे नवी शोधली आणि त्याच्याजवळ राहायला आली. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, असं ती त्याला अधूनमधून सांगायची.

एक कोडं मात्र तिला सुटलेलं नव्हतं. आईच्या गाउनच्या खिशात फोन होता. अगदी हाताशी. मग तिने मला का नाही लावला? शेजारच्यांना, डॉक्टरांना, कुणालाच कसा नाही? एकदा तिने हे मोठ्याने विचारलं होतं. “सुचलं नसेल,” असं तो म्हणाला होता. लेक तो फोन अजून चार्ज करून ठेवायची. दिवाणखान्यातल्या फडताळात त्याचा हिरवा ठिपका दिसत राहायचा.

रविवारी सकाळी लेकच कंट्रोलर घेऊन बसली. कधीही न खेळलेलं घरचं माणूस प्रत्येकाने बसवून बघा, असा कॅप्टनचा हुकूम होता. काकाने आपल्या घरी कुणी तयार नाही असं सांगून वेळ मारून नेली असती. पण चहा पिताना तोंडातून निघून गेलं, आणि तिने उचलून धरलं.

“बसू दे मला. लहानपणी म्हणायचास, तुला नाही जमायचं ढबू. आता बघ.”

ढबू हे तिचं पाळण्यातलं नाव. आता तिची हाडं दिसत होती, तरी नाव गेलं नव्हतं.

ती दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसली, तो आपल्या खोलीत, त्याच खुर्चीवर. मधे स्वयंपाकघर. दोघं पडद्यावरच्या डोंगरात भेटले. तिचा लढवय्या आधी भिंतीला धडकला, मग दरीत उतरला, मग त्याच्याच पाठीत तलवार खुपसून मोकळा झाला. तिकडून तिचं खळखळून हसणं आलं. कितीतरी दिवसांनी घरात असा आवाज झाला होता. त्याला इतकं बरं वाटलं, की बटणाचं तो पार विसरून गेला.

पुलाजवळ वाटा फुटल्या. ती खाली शेकोटीकडे गेली, तो पुलावर. शत्रू दोन्ही बाजूंनी आले. दोघांना त्याने लोळवलं, तिसरा अंगावर येत होता, तेवढ्यात कानात हाक आली. तिचा लढवय्या पडला होता. कुठलं बटण दाबायचं याचा विचार त्याने केलाच नाही. अंगठा आपोआप गेला.

“आलो.”

तिसरा पडला. चौथा धनुष्य घेऊन उभा होता, त्याला तसंच सोडलं तर मागून बाण मारेल. एवढा एक संपवू आणि जाऊ. तो संपला. पुलाच्या टोकाशी आणखी एक होता. तो वळला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातलं तिचं नाव राखाडी झालं होतं.

हेडफोन गळ्यात घेऊन तो दिवाणखान्यात आला. ती मांडी घालून बसली होती. कंट्रोलर मांडीवर.

“मेले मी,” ती म्हणाली. अजून हसत होती.

“अगं, पुलावर अडकलो मी. पण तुझ्याकडे मशाल होती ना? आणि औषध तर समोरच होतं.”

“दिसत होतं की.”

“मग घ्यायचं नाही का?”

“तू आलो म्हणालास. तू येतोयस म्हटल्यावर मी कशाला…”

वाक्य तिथेच राहिलं. तिचं हसू लगेच गेलं नाही, तोंडावर तसंच थांबलं, आणि मग कुणी आतून दार लावून घ्यावं तसं नाहीसं झालं. तिने टीव्हीकडे पाहिलं. बर्फात तिचा लढवय्या पडला होता, मशाल कमरेलाच. मग तिने त्याच्या गळ्यातल्या हेडफोनकडे पाहिलं, आणि मग फडताळाकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “आईच्या खिशात फोन होता.”

त्याचा हात हेडफोनकडे गेला.

“लहानपणी तू एक कान उघडा ठेवायचास. मी डाव्या बाजूने यायचे तुझ्याकडे. उजवीकडून आले तर तुला कळायचं नाही.”

हेडफोनचं वाक्य अजून त्याच्या हाताशी होतं. तिनेच दिलेलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. त्याने हेडफोन गळ्यातून काढला, वायर गुंडाळली, आणि टीव्हीशेजारी ठेवून दिला.

“किती वेळा हाक मारली तिने?” लेकीने विचारलं.

“एकदाच.”

तिने मान डोलावली. बेरीज जुळल्यावर माणूस डोलावतो तशी. कंट्रोलर सोफ्यावर ठेवला, उठली, फडताळापाशी जाऊन चार्जरची पिन काढली. हिरवा ठिपका विझला. आईचा फोन हातात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. आत नळ सुटला. भांड्यांचा आवाज नव्हता, नुसतंच पाणी वाहत होतं. ती तोंड धूत असेल, किंवा नळ सोडून नुसतीच उभी असेल. टीव्हीवर पडलेल्या लढवय्यावर बर्फ साचत चालला होता. इतका बर्फ पडावा हेही कधीतरी त्यानेच ठरवलं होतं.

नळ बंद झाला.

“बाबा,” तिची हाक आली. आवाजात राग होता की नाही, ते भिंतीआडून कळेना. “जरा येतोस का?”

शब्द जिभेवर आला होता. त्याने तो गिळला, आणि उठून आत गेला.