पहिले श्री

दुसऱ्याच्या लॅपटॉपमधला घोळ दिपमालाला दोन मिनिटांत दिसायचा. धुळ्याला कॉलेजात बीसीए करत होती तेव्हा होस्टेलच्या निम्म्या मुली तिच्या दारात मशीन घेऊन उभ्या असायच्या. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली की मशीन म्हणायचं, अशी काही आज्ञा मला सापडत नाही, आणि मुली रडकुंडीला यायच्या. दिपमाला म्हणायची, "अगं, प्रोग्राम आहे तिथेच आहे. तो कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय ते मशीनला कुणी सांगितलं नाही, एवढंच." मग ती पाथ नावाची यादी उघडायची. मशीनने कुठेकुठे शोधायचं ते त्या यादीत लिहिलेलं असतं. तिच्यात तो पत्ता घालायचा, खिडकी बंद करून नवी उघडायची, की काम सुरू. एवढ्याशा गोष्टीवरून मुली तिला पाथवाली म्हणू लागल्या. तिलाही ते आवडायचं, उगाच नाही म्हणायला नको.

तिचं स्वतःचं मशीन मात्र नव्हतं. तीन वर्षं तिने कॉलेजच्या लॅबवर काढली, आणि पदवी हातात पडल्यावर साक्रीजवळच्या गावी घरी येऊन बसली. बसली म्हणजे अर्ज करत बसली, अकरा महिने. पुण्याहून उत्तरंच येत नव्हती, नाशिकहून आली तर अनुभव किती म्हणून विचारायचे. शेवटी जळगावच्या एका लहानशा कंपनीचं बोलावणं आलं. ही कंपनी अनुभव मागत नव्हती. तिच्या अटी दोनच होत्या: पदवी मिळून वर्ष उलटलेलं नसावं, आणि प्रॅक्टिकलला स्वतःचा लॅपटॉप आणावा. दिपमालाचं वर्ष भरायला तीन आठवडे उरले होते. तेवढे गेले की हे दारही बंद. हे तिला माहीत होतं आणि घरात सगळ्यांना माहीत होतं.

लॅपटॉप आला तो तिच्या वडिलांच्या डोळ्यांतून आला, असंच म्हणायला हवं. अमृतआबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं माणूस ते आवाजावरून ओळखायचे. डॉक्टरने उन्हाळ्याआधी ऑपरेशन करून घ्या म्हणून बजावलं होतं, त्याच्या पैशांची तजवीजही झाली होती. आबांनी ती लॅपटॉपकडे वळवली.

"मना डोया काय पयी जातस का?" ते म्हणाले. "आखो पिकू द्या. पोरनं पहिले." डोळे काही पळून जात नाहीत, पोरीचं काम आधी, असं त्यांचं म्हणणं.

खोकं घरी आलं तेव्हा आई कोकिळाबाईंनी पाटावर लाल कापड घातलं, हळदकुंकू वाहिलं. दिपमालाने मशीन सुरू केलं. भाषा निवडायची वेळ आली तेव्हा यादीत मराठी दिसली, आणि आईवडील समोर बसलेले असताना इंग्रजी निवडायला तिला कसंसंच वाटलं. पुढे मशीनने नाव विचारलं.

"आठे नाव टाकनं पडस, आबा."

"नाव मांगे टाकजो. पहिले श्री."

त्या घरात हा वादाचा विषय नव्हताच. वहीचं पहिलं पान असो, लग्नाची पत्रिका असो, नवा फवारणीचा पंप असो, वर श्री उमटल्याशिवाय आबांनी कशाला हात लावला नव्हता. पंपावर तर दरवर्षी पोळ्याला नव्याने काढायचे. चौकट नावाची आहे, देवाची नाही, हे दिपमालाला कळत होतं. पण नाव नंतर बदलता येतं हेही तिला ठाऊक होतं. तिने आबांचं जाड बोट हातात धरलं आणि श, पायमोड, र, वेलांटी अशा चार बटणांवर एकेक करून टेकवलं.

"उठनं का?"

"उठनं, आबा."

अक्षर उमटलं हे ऐकून आबांनी पडद्याला हात जोडले. संध्याकाळी दिपमालाने सेटिंगमध्ये जाऊन तिथे स्वतःचं नाव घातलं. मशीन उघडलं की आता दिपमाला अशी अक्षरं यायची, तेव्हा तो विषय तिच्या डोक्यातून गेला. पहिल्यांदा दिलेल्या नावाने मशीन आत एक फोल्डर काढतं, आणि वरचं नाव बदललं तरी ते फोल्डर जन्माला आलं त्याच नावाने राहतं. दुसरी कुणी हे विसरली असती तर पाथवालीने तिला वेड्यात काढलं असतं.

पुढचे आठ दिवस ती सराव करत होती. साधे प्रोग्राम निमूट चालत होते, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी ती पहाटेच्या एसटीने निघाली, धुळ्याला गाडी बदलली आणि अकराच्या आधी जळगावात पोचली. हॉलमध्ये चौदा मुलंमुली होती. देखरेखीला भाविका मॅडम होत्या, तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी समजावलं: दीड तास आहे. आम्ही दिलेलं एक टूल आधी मशीनवर बसवायचं, ते चालवायचं, मग त्यात उघडणाऱ्या प्रोग्राममधल्या दोन चुका दुरुस्त करायच्या. टूल बसवण्यापुरतं शेजाऱ्याला विचारलं तरी चालेल.

शेजारी भडगावचा तेजस नावाचा मुलगा होता. पहिल्या दहा मिनिटांतच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, हे म्हणतंय आज्ञाच सापडत नाही. मी तर आत्ता बसवलं ना टूल?"

दिपमालाने त्याचं मशीन आपल्याकडे वळवलं, यादी उघडली, पत्ता घातला, नवी खिडकी उघडली. टूल सुरू झालं. तेजसचा चेहरा खुलला आणि दिपमालालाही बरं वाटलं. होस्टेलचे दिवस आठवले. आजचा दिवस आपला आहे, असं तिला मनापासून वाटलं, आणि ती स्वतःच्या मशीनकडे वळली.

तिच्या खिडकीतही तेच वाक्य आलं. आज्ञा सापडत नाही.

ती हसलीसुद्धा. पत्ता घातला, खिडकी बंद केली, नवी उघडली. आज्ञा सापडत नाही. पुन्हा केलं. मशीन बंद करून सुरू केलं, त्यात सहा मिनिटं गेली. मग तिने यादी उघडून शांतपणे एकेक ओळ वाचली, आणि टूलने दाखवलेला जो पत्ता तिने होता तसा उचलून घातला होता, त्याच्या मधोमध तिला प्रश्नचिन्हं दिसली. चार प्रश्नचिन्हं, एकाला एक लागून. टूलला देवनागरी वाचता येत नव्हती. जे वाचता आलं नाही तिथे त्याने प्रश्नचिन्हं लिहिली होती, आणि मशीन इमानेइतबारे प्रश्नचिन्ह नावाचं फोल्डर शोधत होतं.

तिथे श्री होतं.

त्या पाटासमोरची दुपार तिला एकदम आठवली, आबांच्या बोटाचा खरखरीतपणा आठवला. पण रडत बसायला वेळ नव्हता. तिने टूल त्या फोल्डरच्या बाहेर, सरळ ड्राइव्हवर बसवायला घेतलं. निम्म्यावर येऊन ते पडलं. बसवताना लागणाऱ्या तात्पुरत्या फायलीही ते त्याच फोल्डरमध्ये ठेवत होतं. एका दारातून बाहेर पडावं तर पुढच्या दारावरही तेच अक्षर.

भाविका मॅडम फिरत फिरत मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना लगेच कळलं. त्याही कधीतरी कुठल्यातरी होस्टेलच्या पाथवाल्या असणार.

"युजरचं फोल्डर श्री नावाचं आहे? हे कुणी केलं?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. दिपमालाने मान वर केली नाही.

"मी केलं," ती म्हणाली. "मीच."

"मग आता नवा युजर काढ. इंग्रजी नावाने. दुसरा मार्ग नाही."

तोच मार्ग होता, तिलाही ठाऊक होतं. तिने नवा युजर काढला. मशीन म्हणालं, तयारी चालली आहे, थोडा वेळ लागेल. निळा पडदा आला आणि तसाच राहिला. आजूबाजूला बटणांचा आवाज चालला होता. तेजस मान खाली घालून भराभर लिहीत होता. तिच्यासमोर मात्र टिंबांचं एक वर्तुळ फिरत होतं, आणि त्याच्यापुढे तिचं काहीही चालत नव्हतं. तीन वर्षं, अकरा महिने, आबांचे डोळे, सगळं त्या वर्तुळावर टांगलेलं होतं. इतकं हतबल तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. चूक समजत नसती तर निदान नशिबाला दोष देता आला असता. इथे तिला सगळं समजत होतं.

पडदा उघडला तेव्हा सोळा मिनिटं उरली होती. टूल नव्याने डाउनलोड व्हायला सात गेली, बसवायला पाच. तिने आज्ञा टाइप केली. ती पहिल्या झटक्यात चालली. प्रोग्राम उघडला, आणि दोन्ही चुका तिला वाचतावाचता दिसल्या. एक तर अगदीच पोरकट होती. तिने पहिली दुरुस्त केली, दुसऱ्या ओळीवर जाऊन दोन शब्द लिहिले.

"थांबा," भाविका मॅडम म्हणाल्या. "हात बाजूला."

नंतर दिपमाला त्यांच्या टेबलाशी गेली. दुसरी चूक कोणती आणि कशी दुरुस्त होईल ते तिने तोंडी सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण मशीन तयार ठेवणं हाही परीक्षेचाच भाग असतो गं. मी तुझ्यासाठी वेगळं काही करू शकत नाही."

"पुढच्या वेळी येऊ का?"

मॅडमनी तिचा अर्ज पाहिला, पदवीची तारीख पाहिली, आणि तो कागद हळूच पालथा ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीला धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या गाडीची वाट बघत असताना तेजसचा मेसेज आला; निघताना त्याने तिचा नंबर घेतला होता. माझी निवड झाली, ताई, तुमच्यामुळेच झालं, तुमचं काय? तिने अभिनंदन एवढंच लिहिलं. त्याचा राग येत नव्हता. तो आला असता तर मनाला तेवढाच आधार झाला असता, पण त्या पोराने काय वाईट केलं होतं. तिने मांडीवरची बॅग घट्ट धरली आणि गाडी लागेपर्यंत तशीच बसून राहिली.

घरी आबा ओट्यावर बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"उनी का पोर? कशी गई परीक्षा?"

"कठीण व्हती, आबा. नही व्हयनं काम."

आबांनी ओट्यावर हात फिरवून तिच्यासाठी जागा केली. मग म्हणाले, "जाऊ दे. मशीननी तं साथ दिधी ना?"

"दिधी, आबा."

"मंग ठीक शे. श्री लिखेल शे त्यावर. आज नही तं उद्या व्हई."

कोकिळाबाईंनी ताट वाढलं. दिपमालाने दोन घास कसेबसे खाल्ले आणि लॅपटॉप घेऊन पुढच्या खोलीत बसली. कुठे लागणार होता तो आता, कोण जाणे. पण तसा मोडका ठेवणं तिच्या हाताला जमण्यासारखं नव्हतं. तिने सगळं पुसून मशीन पहिल्यापासून मांडायला घेतलं. या वेळी भाषा इंग्रजी निवडली. सुरू होतानाचा आवाज ऐकून आबा चाचपडत दारात आले.

"काय करी राहिनी?"

"मशीन नवं मांडस, आबा."

"मंग थांब. हात धोईसन येस."

तिने थांबा म्हणायला तोंड उघडलं होतं. पण का थांबा, ते सांगावं लागलं असतं. आबा हात धुऊन, पंच्याला पुसून आले, तिच्या शेजारी टेकले आणि त्यांनी बोट पुढे केलं. पडद्यावर नाव विचारणारी चौकट होती. दिपमालाने ते बोट हातात धरलं. डी वर टेकवलं, मग आय वर, मग पी वर. आबांचे ओठ हलत होते. ते श्री म्हणत होते, आणि त्यांचं बोट इंग्रजीत दिपमाला लिहीत होतं. सगळी अक्षरं होईपर्यंत तिने बोट सोडलं नाही.

"लई लांब झाया या टायमाले," आबा म्हणाले. "उठनं का?"

"उठनं."

त्यांनी हात जोडले. समोर पडद्यावर फक्त तिचं नाव होतं. ते पांढुरक्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिले.

"श्री शे ना वर?"

"शे, आबा."

आबांना दिसत नाही याचं त्या क्षणी तिला बरं वाटलं. मग आपल्याला काय वाटलं ते तिच्या ध्यानात आलं, आणि जळगावला आवरून धरलेलं सगळं रडू तिला तिथे, त्यांच्या शेजारी, आवाज न करता रडावं लागलं.